रोवणी, मंडई आणि गणित भाग १

आमच्याकडे शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर उघडते. २०२५ साली राज्यात सगळीकडे १६ जूनला पहिली घंटा झाली, विदर्भात २३ जूनला. त्यातही पहिला आठवडा सकाळी ७ ते पावणेबारा. कारण ऊन. मृग लागलेला असतो, पण पाऊस जमेपर्यंत भंडारा जिल्ह्यात भरदुपारी टिनाच्या छताखाली बसवत नाही. पुण्या-मुंबईच्या माझ्या वयाच्या मुलांना वाटत असेल, विदर्भातल्या पोरांची मजा आहे, आठवडाभर सुटी जास्त. त्या आठवड्यात आमच्या घरी बियाणं निवडणं चालू असतं, बांधीचे, म्हणजे धानाच्या खाचरांचे, धुरे नीट करणं चालू असतं आणि पाऊस कधी येतो म्हणून बाबा आभाळाकडे पाहत असतात. शाळा जेमतेम बसते न बसते तोच रोवणी, म्हणजे धानाची लावणी, येते. शाळेचं वर्ष आणि धानाचं वर्ष आमच्याकडे एकाच वेळी सुरू होतं आणि दोन्हींना माणसं तीच लागतात. हायस्कूलच्या मुलांबद्दल जे काही छापून येतं त्यात मोबाईल असतो, ट्यूशन असते, टक्के असतात. ते सगळं आमच्याकडेही आहे. पण धान त्यात कुठे दिसत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी लाखनी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. मार्च २०२५ मध्ये दहावी दिली, आता लाखनीतच अकरावी विज्ञानला आहे. लाखनी म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्गावरचं गाव. या रस्त्याला मोठी माणसं अजून ‘नॅशनल सिक्स’च म्हणतात, नंबर बदलून ५३ झाला तरी. एका बाजूला भंडारा, दुसऱ्या बाजूला साकोली, पश्चिमेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर नागपूर. आधी आम्ही साकोली तालुक्यात होतो, नंतर लाखनी वेगळा तालुका झाला. मुरमाडी तर लाखनीला इतकी लागून आहे की नवख्या माणसाला एक गाव कुठे संपलं ते कळत नाही. ट्रेलर आता उड्डाणपुलावरून जातात आणि आम्ही खालच्या रस्त्याने शाळेत जातो. गावात रेल्वे नाही. त्यामुळे आमचं सगळं एसटीवर आणि सायकलवर.

एसटीत मुलींसाठी मानव विकासची निळी बस आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल आणि त्यापलीकडच्या मुलींना ही बस, अशी ती योजना. माझं गाव पाच किलोमीटरच्या पलीकडे, म्हणून मला बस. या बसचं मला फार मोल वाटतं. आमच्या मोठ्या आईला सातवीनंतर शाळा सोडावी लागली ती अभ्यास जमला नाही म्हणून नव्हे, लाखनीला जायला साधन नव्हतं म्हणून. ती मला बसमध्ये चढताना पाहते तेव्हा काही बोलत नाही, पण रोज दारात येऊन उभी राहते.

फक्त बस शाळेच्या वेळेची आहे आणि दहावीचा दिवस शाळेच्या वेळेत मावत नाही. ट्यूशन सकाळी सातला. म्हणून जाताना सायकल, आणि सायकल नेली म्हणजे येतानाही सायकलच. पहाटे उठून अंगणात सडा, नळ आला असला तर पाणी, मग डबा भरून निघायचं. जानेवारीत धुकं इतकं दाट की पुढची मैत्रीण दिसत नाही, नुसता तिच्या सायकलच्या साखळीचा आवाज येतो. रस्त्याच्या कडेला तुरीत रानडुक्कर असतं. एकटं कोणी निघायचं नाही असा घरचा दंडक, म्हणून आम्ही तिघी एकमेकींसाठी थांबायचो आणि एक आजारी पडली की तिघींची ट्यूशन बुडायची. महामार्गाजवळ पोचलो की उजाडायचं. तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पळत असायची, काही बारावी झालेली, काही चार वर्षं भरती देत असलेली. त्यांच्यात आमच्या गावचे दोघे दादा होते. ते घामेजलेल्या तोंडाने ओरडून सांगायचे, “गनितावर ध्यान द्या वो, आमची तेथीच गाडी अटकते!”

ट्यूशन नऊला सुटे आणि शाळा साडेदहाला भरे. लाखनीत राहणाऱ्या मुली तेवढ्यात घरी जाऊन, आंघोळ करून, गरम भात खाऊन यायच्या. गावांवरून आलेल्या आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसायचो. डबा उघडायचा नाही, कारण तो दुपारचा. माझा खरा अभ्यास झाला तो या दीड तासात. घरी संध्याकाळी चूल असते, धाकटा भाऊ असतो, शेजारचं कोणी येऊन बसतं. व्हरांड्यात मात्र कोणी काम सांगत नसे. आमच्या शिपाईकाकांनी एकदा न विचारता ग्रंथालयाची खोली उघडून दिली आणि पुढे रोजच द्यायला लागले. शहरातल्या वाचकांना ही बारीकशी गोष्ट वाटेल. पण बसायला जागा आणि डोक्यावर पंखा मिळाला नसता तर माझं इंग्रजी झालं नसतं, हे मी खात्रीने सांगते.

डब्याचं म्हटलं म्हणून आठवीचं सांगितलं पाहिजे. आठवीपर्यंत सरकार मुलांबरोबर असतं. दुपारची खिचडी मिळते, पुस्तकं मिळतात. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीपासून हे एका दिवसात थांबतं. पुस्तकं विकत घ्यायची, खिचडी बंद. शाळा तीच, आवार तेच, मागच्या शेडमध्ये खिचडी शिजते तिचा वास नववीच्या वर्गात येतो, फक्त ती आपल्यासाठी नसते. नववीच्या पहिल्या दिवशी मधल्या सुटीत सवयीने उठून निघालेली आणि मग दारातून परत फिरलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्या घरातली दोन्ही माणसं रोवणीला पहाटेच निघून जातात तिथे डबा करणार कोण? जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या वर्गातली बरीच मुलं डब्याशिवाय असायची. दुपारनंतरच्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला सर उभं करायचे, तेव्हा त्यातला निम्मा भाग झोपेचा आणि निम्मा भुकेचा असायचा. खिचडी दहावीपर्यंत असावी असं मला मनापासून वाटतं. चौदाव्या वर्षानंतर मुलांना भूक कमी लागत नाही.

आता गणित. सगळ्या महाराष्ट्रातल्या मुलांना गणिताची भीती असते, आम्हालाही आहे, पण आमच्या बॅचच्या भीतीला एक कारण आहे आणि ते मला दहावीतच कळलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी पाचवीत होते. सहावी जवळजवळ सगळी आणि सातवीची सुरुवात घरात गेली. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग परत भरायला लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला. मधल्या काळात सर व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवत. आमच्या घरी तसा फोन एकच होता, तो बाबांच्या खिशात, आणि बाबा बांधीत. रात्री फोन हाती यायचा तेव्हा नेट संपलेलं असायचं. नंतर आम्ही सगळे वरच्या वर्गात गेलो. कोणी नापास झालं नाही, कोणी काही विचारलंही नाही.

सहावीच्या गणितात काय असतं? पूर्णांक संख्या, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, पहिलीवहिली समीकरणं, शतमान. म्हणजे पुढच्या सगळ्या गणिताचा पाया. दहावीला गणित भाग १ मध्ये वर्गसमीकरणं आली तेव्हा वर्गातली निम्मी मुलं अडायला लागली. सूत्र सगळ्यांना पाठ होतं. सरांनी आधी चिडून पाहिलं, सूत्र दहा-दहा वेळा लिहायला लावलं. मग डिसेंबरात एक दिवस त्यांनी फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं: उणे सातातून उणे तीन वजा करा. कोणी उणे दहा लिहिलं, कोणी चार, कोणी उणे चार. सर बराच वेळ आमच्या वह्या पाहत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी येताना सहावीचं पुस्तक आणलं. संख्यारेषा काढली, शून्याच्या डावीकडे खुणा केल्या आणि उणे सातावरून उणे तीन काढून घेणं म्हणजे उजवीकडे सरकणं कसं, हे वर्गातल्या प्रत्येकाला फळ्याजवळ बोलावून दाखवलं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं आम्ही, पण कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा, कायम गप्प असलेला एक मुलगा म्हणाला, “सर, आता समजला. आधी कोनी दाखवलाच नाही.” मला त्या दिवशी कळलं की आम्ही ‘ढ’ नव्हतो. आमचा एक मजला बांधायचा राहून गेला होता आणि त्यावर चार मजले चढवले होते.

आमच्यानंतरच्या वर्षापासून, २०२३-२४ पासून, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. परीक्षा यावी. पण नापास होणाऱ्या मुलाला नेमकं कुठे अडतंय हे पाहायला असा एक उणे साताचा दिवस प्रत्येक शाळेत यावा. नुसत्या परीक्षेने ते दिसत नाही.

बोर्डाच्या गुणांचा हिशेब मात्र आम्हाला कोणी शिकवावा लागत नाही. गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण, प्रत्येकात किमान २५, म्हणजे विज्ञानात ४५ काढले की गणितात २५ चालतात, हे आमच्यातल्या गणितात सर्वात कच्च्या मुलालाही तोंडपाठ. पास होण्याचा हा रस्ता किती जणांना तारतो ते शाळेत बसल्याशिवाय कळायचं नाही.

रोवणीबद्दल सविस्तर लिहायचं कारण, बाहेरचे लोक तिचे फोटो काढतात. हिरवीगार बांधी, रांगेने वाकलेल्या बाया, लाल-पिवळ्या साड्या. फोटोत पाणी थंड दिसतं. ते तसं नसतं. सकाळी थंड असतं, दुपारी ऊन पडलं की वरून कोमट आणि खाली चिखल गार. पहिलं काम परे उपटायचं. ती रोपं मुळासकट काढून, पाण्यात हलवून चिखल झाडायचा आणि पेंढ्या बांधायच्या. पुरुष पेंढ्या बांधीभर फेकत जातात. मग बाया ओळ धरतात, डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताने दोन-तीन काड्या वेगळ्या करून चिखलात रोवायच्या आणि मागे सरकायचं. मान वर केली की ओळ चुकते. नवीन मुलीला दोन जुन्या बायांच्या मधे उभं करतात, म्हणजे तिची ओळ दोन्हीकडून सांभाळली जाते. मला आजीच्या शेजारी उभं केलं होतं. आजी माझ्या दुप्पट वेगाने रोवायची आणि मधूनच माझ्या वाटच्या चार काड्या रोवून टाकायची, न सांगता, कोणाला दिसू न देता.

आठ दिवस असं झालं की पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, चालताना चरचरतात. उजव्या अंगठ्याच्या टोकाची कातडी निघते आणि सोमवारी शाळेत पेन धरलं की नेमकी तीच जागा दुखते. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली रविवारी आणि सुटीच्या दिवशी गुत्त्याने रोवणीला जायच्या, एकराप्रमाणे मिळालेले पैसे सगळ्यांत वाटून घ्यायच्या. त्या पैशातून वह्या यायच्या, ट्यूशनची फी यायची. यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि कौतुकाने टाळ्या वाजवण्यासारखंही नाही. घरात धान आहे म्हणून घर आहे, एवढंच.

मी शाळेत एकदा विचारलं होतं की रोवणीसाठी चार-पाच दिवस सुटी का देत नाहीत. नियम असा की वर्षभरातल्या सगळ्या सुट्या मिळून ७६ च्या वर जाऊ नयेत. पण उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी थोडी कमी करून ती गणेशोत्सवात किंवा नाताळात द्यायला शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने मुख्याध्यापकांना मोकळीक असते. गणपतीला देता येते तर रोवणीला का नको, असं माझं म्हणणं होतं. घरी येऊन आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, “कायले पायजे सुटी? सुटी देली का तुमी पोरी दिवसभर बांधीतच राहान. शाळा आहे मनून तरी कोनी तुमाले बोलवत नाही.”

मी गप्प बसले. ती बरोबर होती असं मला आज वाटतं, पण पूर्ण बरोबर नव्हती. जी मुलं शाळेत येतच नाहीत त्या पंधरवड्यात, त्यांचा अभ्यास बुडतोच. त्यांच्यासाठी सुटी नको असेल तर निदान रोवणी झाल्यावर तो भाग पुन्हा शिकवायची सोय हवी. आमच्याकडे घटक चाचणी ऐन त्या दिवसांत पडते. ती पंधरा दिवस पुढे ढकलायला कोणाच्या परवानगीची गरज पडू नये.

दिवाळीची सुटी मात्र आमच्याकडे खरोखर सुटी असते, कारण दिवाळीनंतर मंडई असते. हलका धान तोवर कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो, मधे थोडी उसंत मिळते. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात, आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई असेल तिथे प्रत्येक घरी पाहुणे. लग्न झालेल्या आत्या येतात, मामा येतात, कोणाची पोरगी कोणाला दाखवायची तेही तिथेच ठरतं. दुपारी दंडार, बाजारात जिलेबी, बांगड्या, फुगे. रात्री नाटक.

झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, ते रात्री जेवणं आटपल्यावर उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो. मंडळ्या बहुतेक गडचिरोलीतल्या वडशाच्या. शेतात किंवा शाळेच्या मैदानात ताडपत्र्यांचा मांडव, पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर तनीस पसरलेली, त्यावर घरून आणलेली चादर अंथरून आमचं सगळं घर. समोर ऑर्गन, तबला. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात असे पेढे वाटले गेले की जणू घरातल्याच माणसाला मिळाली. मी दहावीत असताना मंडईला जायचं नाही असं ठरवून बसले होते, पुस्तक घेऊन. बाबांनीच उठवलं. म्हणाले, “चाल, दोन अंकानंतर घरी आणून सोडतो.” दोन अंक झाले, तिसऱ्यात हुंड्यापायी मोडलेल्या घरातली मुलगी आपल्या बापाला पत्र लिहिते तो प्रसंग आला, आणि बाबा उठायचं नावच घेईनात. मी शेजारी पाहिलं तर बाया तर रडत होत्याच, बाबाही उपरण्याने डोळे पुसत होते. आम्ही पहाटे घरी आलो. त्या रात्रीचा अभ्यास बुडाला. पण बाबांनी त्यानंतर माझ्या शिकण्याबद्दल नातेवाइकांत कधी कच खाल्ली नाही, याचा संबंध मी त्या नाटकाशी लावते.

शाळा उघडली तरी मंडया संपलेल्या नसतात. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्ग अर्धा रिकामा असतो आणि जे येतात त्यांचे डोळे तारवटलेले असतात. सर रागावतात, पण सरांच्याही गावची मंडई असतेच.

उन्हाळ्याची सुटी वेगळी. बोर्डाची परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि १७ मार्चला संपली. विज्ञान झाल्यावर होळी आली, इतिहास आणि भूगोल शिल्लक. गल्लीत रंग चालू आणि आम्ही दहावीवाले दार लावून आत. शेवटचा पेपर देऊन आले तेव्हा मोहाची फुलं पडायला लागली होती. दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर पहाटे टोपली घेऊन. मोह ऊन चढायच्या आत वेचावा लागतो. मग एप्रिल संपता संपता तेंदूपत्ता. ७० पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांचा भाव ठरलेला. बाया अंधारात निघतात, दुपारी ओझं घेऊन येतात, पुडे बांधायला सगळं घर बसतं.

या सुटीतली भीती निकालाची नव्हती. १० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बातमी मोबाईलवर आली तेव्हा आई जंगलातच होती. आमच्या भागातही नागझिऱ्याच्या जंगलाकडून वाघ फिरतो, पावलांचे ठसे दिसले की वनखात्याचे लोक दवंडी देतात. त्या दिवशी आई दिसेपर्यंत मी आणि भाऊ रस्त्यावर उभे होतो. आली, डोक्यावरचं ओझं उतरवलं आणि म्हणाली, “असे काऊन उभे आहा?” दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, फक्त आता एकीच्या जागी दहा जणी मिळून. हंगाम थोड्या दिवसांचा असतो आणि तो सोडून चालत नाही. कोणी विचारलं की दहावीच्या मुलांना कशाची भीती वाटते, तर लोक पेपर आणि टक्के ऐकायच्या तयारीत असतात. माझ्या डोक्यात मात्र त्या तीन बाया येतात आणि रोवणीत आजीच्या पायाखालून सरकत गेलेला साप येतो. कापणीला आलेल्या धानावर पडणारा अवकाळी पाऊस येतो. २०२४-२५ चा धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. पाखड झालेल्या धानाला तो कोणी देत नाही. घरातल्या मुलीला नागपूरला ठेवायचं की नाही हे त्या पावसावर ठरतं.

निकाल १३ मे ला दुपारी एकला. राज्याचा ९४.१० टक्के, कोकण सगळ्यात वर, नागपूर विभाग सगळ्यात खाली, ९०.७८. आमच्या विभागाचा तळाचा नंबर पेपरात मोठ्या अक्षरात आला. मला ऐंशीच्या वर थोडे मिळाले, घरी आनंद झाला. माझी जवळची मैत्रीण, रोज माझ्यासाठी सायकल घेऊन थांबणारी, गणितात राहिली. तिचा फोन दोन दिवस बंद. मी घरी गेले तर तिची आई म्हणाली, ती जेवत नाही. शाळेच्या सूचना फलकावर टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावलेला होता, आम्ही वर्षभर तो पाहून पाहून विसरून गेलो होतो. माझ्याच फोनवरून तो लावला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, घाई न करता, आधी काय जेवलीस ते विचारलं. मी बाहेर अंगणात जाऊन बसले. आत बराच वेळ तिचा रडण्याचा आवाज येत होता, मग बोलण्याचा. ज्या पालकांनी हे वाचलं त्यांनी हा नंबर निकालाच्या आधीच घरात लिहून ठेवावा. फुकट आहे, रात्रीही लागतो.

तिची पुरवणी परीक्षा २४ जून ते ८ जुलैच्या दरम्यान आली. म्हणजे रोवणी तोंडावर. यावेळी मात्र तिच्या आईने तिला बांधीत पाय ठेवू दिला नाही, तिच्या ओळीत तिची मोठी आई उभी राहिली. आम्ही दोघींनी पुन्हा सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली, संख्यारेषेपासून. ती पास झाली, आणि आता लाखनीतच अकरावी कला शाखेत आहे.

अकरावीचे प्रवेश २०२५ मध्ये पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. लाखनीत एका रस्त्यावरची तीन कॉलेजं पसंतीक्रमात लिहायला आम्ही नेट कॅफेत तासन्‌तास बसलो. दहा नावं भरता येत होती. बाबा म्हणाले नागपूरचं एखादं लिही, मी लिहिलं नाही. माझ्या वर्गातले चौघे नीटच्या तयारीसाठी नागपूरला गेले आणि त्यांच्यातला एक मला दर रविवारी फोन करून मंडई कधी आहे ते विचारतो. मला इथूनच बारावी करायची आहे. व्हरांडा आहे, शिपाईकाका आहेत, आणि धान कापायच्या वेळी घरी दोन हात जास्त लागतात.

एकच अडचण आहे. अकरावीची प्रॅक्टिकल संपायला पावणेसहा होतात आणि आमच्या गावाकडची मुलींची बस साडेपाचला सुटते. सायकलने यावं तर नोव्हेंबरात सहाला अंधार होतो आणि कापणीच्या दिवसांत रानडुकरं रस्त्यावर असतात. आमच्या मार्गावरच्या पाच गावांतल्या मुलींनी मिळून बस अर्धा तास उशिरा सोडावी असा अर्ज लिहिला आहे. मजकूर मी लिहिला, अक्षर मैत्रिणीचं. चार गावांच्या सह्या झाल्या, पाचव्या गावची मंडई उद्या आहे, तिथे सगळ्या जणी एकत्र भेटणारच आहेत. सोमवारी सकाळी ट्यूशन सुटली की आम्ही तो घेऊन आगारात जाणार आहोत.